सर्चचं पान सुधारायला घेण्याआधी

वेबसाइटवरचं सर्च सुधारायचं तर सर्वांत आधी लॉग, म्हणजे झालेल्या शोधांची आपोआप होणारी नोंद, काढा. लोकांनी सर्चमध्ये काय टाइप केलं, त्याला किती निकाल मिळाले आणि त्यांतल्या कशावर क्लिक झालं, हे पाहिल्याशिवाय शोधाच्या पेटीचा रंग, आकार, जागा यांवर चर्चा सुरूच करू नये. लॉग ठेवलाच जात नसेल तर आज सुरू करा आणि काही आठवडे जाऊ द्या. डिझाइन तेवढं थांबू शकतं. लोक सर्चमध्ये फोन नंबर, नावं, आजारसुद्धा लिहितात, तेव्हा हा लॉग कोण पाहणार आणि कधी पुसला जाणार हेही त्याच दिवशी ठरवा.

त्यातून पन्नासेक शोध निवडा. काही सारखे येणारे, काही शून्य निकालांचे, काही अख्खं वाक्यच टाइप केलेले. प्रत्येकासमोर कोणती पानं वर यायला हवीत ते माणसाने वाचून, हाताने लिहायचं. काम वेळखाऊ आहे, पण संपूर्ण तयारीत मी सर्वांत जास्त भर यावरच देईन. १९६० च्या दशकात सिरिल क्लेव्हरडन यांनी इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला शोधपद्धती तपासल्या त्या अशाच: ठरावीक कागदपत्रं, ठरावीक प्रश्न आणि कोणत्या प्रश्नाला कोणतं कागदपत्र लागू आहे याची आधीच केलेली नोंद. सर्चची मोजणी आजही याच पायावर होते. अशी यादी हाताशी असली की बदल केल्यावर नुसतं ‘आता बरं वाटतंय’ म्हणून भागवावं लागत नाही. योग्य पान पहिल्या दहांत आलं की नाही, ते सरळ मोजता येतं.

मजकूर मराठी असेल तर खरी मेहनत पुढे आहे. ‘ॲप’ हा शब्द घ्या. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणारी पद्धत) २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. जुन्या मजकुरात अ लिहून त्यावर चंद्र दिलेला सापडतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे असतात, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं) त्यांना एक करत नाही. तो नियम आपणच लिहायचा. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कोणी ऱ वापरून टाइप करतं, तर कोणी र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर ही न दिसणारी जोडखूण वापरून. देवनागरी आणि इंग्रजी आकडे, ‘माहीत’ आणि ‘माहित’, हेही यादीत घ्या. साठवलेला मजकूर आणि शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्द दोन्ही एकाच चाळणीतून गेले पाहिजेत. एकालाच नियम लावला तर आधी सापडत होतं तेही हरवतं.

मग विभक्ती. ‘घर’ शोधणाऱ्याला ‘घराची’, ‘घरांमध्ये’, ‘घरासाठी’ असलेली पानंही हवी असतात. हिंदीसाठी तयार असलेला प्रत्यय काढणारा फिल्टर मराठीला जसाच्या तसा लावू नका. हिंदीत ‘घर में’ सुटं लिहितात, मराठीत ‘घरात’ जोडून, आणि वर सामान्यरूपात शब्दही बदलतो. उलट बाजूने अतिही करू नका: शेवटी ‘ला’ दिसला की तोडा असा नियम केला तर ‘कला’चा ‘क’ उरतो, आणि ‘त’ तोडला तर ‘गणित’चा ‘गणि’. मूळ रूप आणि तोडलेलं रूप दोन्ही इंडेक्समध्ये (कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सर्चसाठीची यादी) ठेवा आणि हुबेहूब जुळणाऱ्याला वरची जागा द्या.

डेटाबेसच्या सेटिंग्ज उघडून पाहाच. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या फुल-टेक्स्ट सर्चमध्ये (मजकुरातले शब्द शोधणारी सोय) शब्दाची किमान लांबी आधीच ठरवलेली असते: त्यातल्या माहिती साठवण्याच्या दोन प्रकारांपैकी इनोडीबीत ३ आणि मायआयसॅममध्ये ४ अक्षरचिन्हं. म्हणजे ‘घर’, ‘ऊस’, ‘कर’ असे शब्द इंडेक्समध्ये जातच नाहीत आणि शोधणाऱ्याला मात्र वाटतं की माहितीच नाही. आकडा बदलला की इंडेक्स नव्याने बांधावा लागतो, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

फॉर्मचं काम त्यामानाने थोडं आहे. एकच पेटी, तिला खरं लेबल (आतला फिकट मजकूर लेबलाचं काम करत नाही), आणि बाकीचे पर्याय मागितल्यावर उघडणारे. फॉर्म गेट पद्धतीने पाठवा (तिच्यात टाइप केलेले शब्द पानाच्या पत्त्यातच येतात), म्हणजे निकालांची लिंक दुसऱ्याला देता येते आणि बॅक बटण नीट चालतं. टाइप केलेले शब्द निकालांच्या पानावरही पेटीत तसेच राहू द्या, पण दाखवण्याआधी एस्केप करा, म्हणजे त्यातली चिन्हं कोड न ठरता साधा मजकूर म्हणूनच दिसतील अशी बदला, नाहीतर त्याच वाटेने कोणीही पानात स्क्रिप्ट घुसवू शकतो. बटणं बोटाला सापडतील एवढी हवीत, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबपानं सर्वांना वापरता यावीत यासाठीचे निकष) किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत. निकालांची संख्या स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यालाही ऐकू गेली पाहिजे.

निकालात शीर्षक, तारीख आणि शब्द जिथे सापडला तो उतारा एवढं पुरे. हा उतारा कुठे तुटतो ते मात्र जवळून बघा. अमुक इतक्या कॅरेक्टरनंतर कापा असं सांगितलं की काप अक्षराच्या मधोमध पडतो, आणि उताऱ्याच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेली एकटी वेलांटी दिसते. शब्दाच्या कडेलाच कापा. ठळक करतानाही तसंच, जोडाक्षर अर्धं रंगवू नका.

शून्य निकालांचं पान शेवटी उरकू नका. माणूस अडलेला असतो तो तिथेच. त्याने काय टाइप केलं ते दाखवा, लावलेले फिल्टर एका क्लिकवर काढता येऊ द्या, जवळचं स्पेलिंग सुचवा, आणि शब्द कमी करून काही मिळत असेल तर ते तसं सांगून दाखवा. न विचारता शब्द बदलून भलतेच निकाल समोर ठेवणं मला पटत नाही.

नवा इंडेक्स सुरू केल्यावर जुना लगेच पुसू नका. निवडलेले सगळे शोध दोन्हींवर चालवा, नव्यात खाली घसरलेला प्रत्येक शोध उघडून पाहा, आणि त्यांची कारणं सापडल्यावरच जुना बंद करा.