शिवसागरावर जाण्यापूर्वी : बामणोली ते वासोटा

कोयना धरणाचा शिवसागर हा केवळ देखावा नसून वीजनिर्मितीसाठी राबणारा जलाशय आहे, त्यामुळे काठावरच्या बामणोली गावातून बोटीने वासोटा किल्ल्याकडे जाण्याच्या तयारीची सुरुवात महिना ठरवण्यापासून करावी. सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या या साठ्यातील बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, चिपळूणजवळच्या पोफळीकडे वळवले जाते. साहजिकच पावसाळ्याअखेरीस काठोकाठ भरलेला जलाशय एप्रिल-मेपर्यंत बराच खाली जातो आणि बोट गाठण्यासाठी उघड्या पडलेल्या चिखलाच्या उतारावरून चालावे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. सप्टेंबरमध्ये जाणार असाल, तर साताऱ्याहून येणारा रस्ता कास पठारावरूनच जातो आणि फुलांच्या दिवसांत तेथे वाहनांची रांग लागते, हे लक्षात ठेवून पहाटेच निघावे.

वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. म्हणून प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावे, वनखात्याचा परवाना बामणोलीतच काढून घ्यावा आणि पावसाळ्यात किल्ल्याची वाट बंद असते हे गृहीत धरावे. जंगलात मुक्कामाची परवानगी नाही. बोटीला जाण्यासच तासाभराहून अधिक वेळ लागतो, त्यानंतर दोन-तीन तासांची चढण आहे आणि अंधारापूर्वी परतायचे असते. त्यामुळे सकाळची पहिली बोट आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी, भाडे माणशी आहे की संपूर्ण बोटीचे हे आधी विचारावे आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसल्याने रोख रक्कम सोबत घ्यावी.

लाइफ जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय बोट सुटू देऊ नये. पोहण्याचा मोह टाळावा, कारण काठाजवळच पाणी एकदम खोल होते आणि तळाशी बुडालेली शेते, झाडे व घरांची जोती आहेत. जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील गावांना हीच बोट दवाखान्यापर्यंत नेते, तेव्हा गावकऱ्यांची खेप अडवून फोटोफेरी मागणे अशोभनीय आहे.

पायात पकड असलेले बूट, पावसाळ्यानंतर लगेच गेल्यास जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड, माणशी किमान दोन लिटर पाणी आणि कोरडा शिधा एवढे पुरेसे आहे. प्लास्टिक शक्यतो नेऊच नये. नेलेच तर मोजून न्यावे आणि मोजून परत आणावे.