प्युजेट साउंडमध्ये कयाक लोटण्याआधी

अमेरिकेतल्या सिॲटलला मे महिन्यात ऊन पडलं रे पडलं की गॅरेजमधल्या कयाक (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, छोट्या होड्या) बाहेर निघतात आणि मंडळी टीशर्ट-हाफपँटवर किनाऱ्यावर हजर होतात. मला दरवर्षी धडकी भरते. हवा २४ अंश असली तरी खालचं प्युजेट साउंडचं, म्हणजे शहरालगत आत शिरलेल्या समुद्राचं, पाणी तेव्हा जेमतेम १० अंश सेल्सिअस असतं. ऐन ऑगस्टमध्येही साउंडचं पाणी बहुतेक ठिकाणी १३-१४ च्या फारसं वर चढत नाही.

म्हणून तयारी आदल्या रात्री पाण्याच्या आकड्यापासून सुरू करा. एनओएए या अमेरिकेच्या हवामान-समुद्र संस्थेच्या सिॲटल केंद्रावर तो मिळतो. सकाळी धक्क्यावर पोचलात की दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडून दोन मिनिटं थांबा, कारण नदी येऊन मिळते तिथे आकडा वेगळा निघू शकतो. १५ च्या खाली असेल तर ड्रायसूट (पाणी आत येऊच न देणारा पोशाख), मग ऊन कितीही असो. १५ ते २१ मध्ये निदान वेटसूट (भिजला तरी ऊब धरणारा अंगाला घट्ट रबरी पोशाख). लाइफ जॅकेट कायम, आणि अंगात घालून, बकल लावून. ऑगस्टमध्ये शहरातल्या लेक वॉशिंग्टन या तलावाचं वरचं पाणी २१-२२ पर्यंत जातं, तिथे काठाकाठाने जाताना साधे कपडे चालतील. त्याच दिवशी, त्याच शहरात, साउंडवर मात्र चालणार नाहीत.

एक जुनी बेरीज अजून ऐकू येते: हवेचं आणि पाण्याचं फॅरनहाइट तापमान मिळवा, १२० च्या वर गेलं तर सूट नको. ही बेरीज विसरा. हवा ७५, पाणी ५० (सेल्सिअसमध्ये १०), झाले १२५. म्हणजे हिशेबाने तुम्ही सुखरूप, आणि कयाक उलटली की सुती कपड्यांत त्या १० अंशांच्या पाण्यात.

गावाकडे विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्यांना हे कळकळीने सांगते. मालवणचा समुद्र २७-२८ अंशांचा असतो, तिथला सराव इथे कामाला येत नाही. गार पाण्यात पडताक्षणी श्वास आपोआप आत ओढला जातो. डोकं तेव्हा पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जातं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी लक्षात राहील असा क्रम दिला आहे, १-१०-१: श्वास ताळ्यावर यायला १ मिनिट, हातपाय ऐकतात ती १० मिनिटं, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. पहिल्या मिनिटात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लाइफ जॅकेटच तारतं.

त्या १० मिनिटांचा अर्थ मला धक्क्यावर बसूनच कळला. ९ अंशांच्या पाण्यात उघडे हात पाच मिनिटं बुडवले आणि मग जॅकेटचं बकल लावायला गेले. बोटं डोळ्यांना दिसत होती, पण बकलच्या दोन बाजू समोरासमोर येईनात. तेव्हापासून निओप्रीनचे (वेटसूटच्याच रबराचे) हातमोजे आणि कानटोपी कयाकमध्ये बसण्याआधीच चढतात.

ड्रायसूट नुसता पाणी अडवतो, ऊब आतल्या कपड्यांची. ते लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे हवेत, सुती अजिबात नकोत. घड्याळ-अंगठ्या काढा, नाहीतर मनगटाची रबरी पट्टी फाटते. चेन शेवटच्या दातापर्यंत ओढा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. मग मानेची पट्टी बोटाने जरा सैल धरून उकिडवं बसा, आत कोंडलेली हवा निघून जाते. नवा सूट असेल तर सोबतीला कुणी घेऊन आधी किनाऱ्यालगत पाण्यात उतरा. कुठे झिरपतो ते तिथेच कळू दे.

वल्हवताना उकडेल, हे खरं. टोपी पाण्यात बुचकळून डोक्यावर घाला, पण सूट काढून मागच्या कप्प्यात ठेवू नका. उलटलेल्या कयाकला धरून तो चढवता येत नाही. शिट्टी आणि रेडिओ जॅकेटलाच अडकवलेले हवेत. गाडीत कोरडे कपडे, थर्मासमध्ये गरम चहा, आणि घरच्यांना परतायची वेळ सांगितलेली.