जंतांची शंका आली तर नेमकं काय बघायचं

मी लॅबमध्ये शौचाचे नमुने तपासते. नमुना देताना पालक हमखास सांगतात, "झोपेत दात खातो, तोंडावर पांढरे डाग आलेत, जंतच असणार." पण यावरून जंत ठरत नाहीत. दात खाणाऱ्या कितीतरी मुलांच्या नमुन्यात काहीच सापडत नाही, आणि जंत थोडेच असतील तर अंगावर एकही लक्षण दिसत नाही. म्हणून त्रास कुठे होतो आणि कधी होतो, हे आधी बघा.

रात्री शौचाच्या जागी खाज सुटत असेल, मूल चुळबुळ करत वारंवार जागं होत असेल, तर सूतकृमींचा संशय घ्या. यांची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून बघा. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी, साधारण १ सेंटिमीटरची मादी हलताना दिसते. मुलींना पुढच्या बाजूलाही खाज येते. ही अंडी शौचाच्या नमुन्यात क्वचितच मिळतात, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी संशय सोडू नका. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जायच्या आणि धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथल्या कातडीवर दाबा, काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबमध्ये द्या. असं सलग तीन सकाळी करा. सूक्ष्मदर्शकाखाली ही अंडी लगेच ओळखू येतात: लांबट, एका बाजूनं चपटी, कधी आत घडी घालून बसलेली अळी. सापडली तर एकट्या मुलाला औषध देऊन भागत नाही. सहसा घरातल्या सगळ्यांनाच ते घ्यावं लागतं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

शौचात काही दिसलं तर घाबरून फ्लश करू नका. मोठा गोल जंत १५ ते ३५ सेंटिमीटर असतो, दोन्ही टोकांना निमुळता. टेपवर्मचे पांढरे, चपटे तुकडे पडतात आणि ताजे असताना ते हलतातही. केळ्याचे काळे धागे, भाजीचे तंतू, चिकट आव यांनाही लोक जंत समजून घेऊन येतात. स्वच्छ डबीत घालून आणा, आम्ही बघून सांगतो.

हूकवर्मच्या बाबतीत लोकांनी जास्त जागरूक राहावं असं मला मनापासून वाटतं, कारण पोटाची तक्रार नसतानाही तो असू शकतो. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. थकवा, जिने चढताना धाप, फिकट पापण्या, माती खावीशी वाटणं. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर डॉक्टरांना शौच तपासणीबद्दल जरूर विचारा. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असणं हाही एक इशारा आहे. मात्र जिआर्डिया आणि अमिबा या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय परजीवींमध्ये ते सहसा वाढत नाहीत.

जिआर्डियात शौच तेलकट, अतिशय दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारं होतं, पोट फुगतं, वजन उतरतं, आणि हे कधी कधी आठवडेच्या आठवडे चालतं. अमिबाच्या जुलाबात आव आणि रक्त पडतं. दोन्हींसाठी नमुना तीन वेगवेगळ्या दिवशी द्या, कारण हे परजीवी रोजच्या शौचात पडतीलच असं नाही. पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत लॅबमध्ये पोचवा. उशीर झाला की अमिबाची हालचाल थांबते आणि ओळख पटवणं अवघड जातं. त्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका. शक्य असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच नमुना द्या. जंतांची एक गोळी घेतली म्हणजे अमिबा जातो, असं मुळीच नाही.

काही वेळा नमुन्याची वाट बघायची नसते. पोट फुगून सतत उलट्या होत असतील आणि शौच, वारा दोन्ही बंद असेल, तर जंतांच्या गुंत्यानं आतडं अडलेलं असू शकतं. ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं म्हणजे कदाचित अमिबामुळे यकृतात झालेला पू. टेपवर्मचे तुकडे पडणाऱ्या माणसाला फिट आली, तरी थेट हॉस्पिटल गाठा. आणि अनवाणी मातीत काम केलेल्या कुणाला स्टेरॉइड सुरू होणार असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा: स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि स्टेरॉइडनंतर अंगभर पसरू शकतो.