सरंजामशाहीचा त्रिकोण पुसा, मग अभ्यासाला बसा

वर राजा, खाली सरदार, त्याखाली नाइट आणि तळाशी शेतकरी, हा मध्ययुगीन युरोपच्या सरंजामशाहीचा पाठ्यपुस्तकातला त्रिकोण आधी पुसून टाका. त्यात दोन वेगळी नाती एकाच चित्रात कोंबलेली आहेत. धनी आणि सामंत यांचं नातं दोन स्वतंत्र माणसांमधलं: एकाने जमीन द्यायची, दुसऱ्याने घोडा-हत्यारांसह चाकरी करायची. जमीनदार आणि कूळ यांचं नातं मात्र शेतसारा आणि वेठीचं. वहीत दोन पानं करा आणि एकावरची नोंद दुसऱ्यावर जाऊ देऊ नका. निम्म्या चुका इथेच टळतात.

पहिल्या पानाच्या कडेला सहा सालं लिहा. 486 मध्ये फ्रँकांचा राजा क्लोव्हिसने उत्तर फ्रान्समधल्या स्वासाँजवळ रोमन सत्ताधीश स्याग्रिउसला हरवलं, 751 मध्ये पेपिन राजा झाला, 800 च्या नाताळात शार्लमेन सम्राट झाला. 843 ला वेर्दूंच्या तहाने साम्राज्याचे तीन वाटे पडले, 911 ला रोलोच्या नॉर्स लोकांना सेन नदीच्या मुखाकडचा प्रदेश मिळाला, 987 ला ह्यू कापे गादीवर आला. प्रत्येक सालापुढे एकच प्रश्न सोडवा: या राजाने आपल्या माणसांना मोबदला कशातून दिला?

सगळी गोम या प्रश्नात आहे. रोमन जमीन-कराची यंत्रणा मोडल्यावर फ्रँक राजांकडे पगारी सैन्य पोसण्याइतका रोख वसूल नव्हता. होती ती जमीन. शार्लमेनने 774 मध्ये लोंबार्ड राज्य घेतलं, सॅक्सनी जिंकली, डॅन्यूबकाठच्या अवारांचा खजिना लुटला, तोवर वाटायला नवं काहीतरी येत राहिलं. मोहिमा थंडावल्यावर देणगी स्वतःच्या इस्टेटीतूनच काढावी लागली. 840 ला शार्लमेनचा मुलगा धार्मिक लुई वारला, मुलं आपसांत लढली आणि प्रत्येकाला सरदार आपल्या बाजूला ठेवायचे होते. दिलेली जमीन परत येत नव्हती, त्यामुळे पुढच्या राजाच्या हाती कमी उरत होतं. त्यातच 845 मध्ये व्हायकिंग थेट पॅरिसपर्यंत आले. राजाची फौज पोहोचेपर्यंत गाव जळून जाई, म्हणून लोक जवळच्या गढीवाल्याचा आसरा धरू लागले.

लष्करी चाकरीचा आकडा हवा असेल तर 808 चा आदेश घ्या. ज्याच्याकडे चार मान्सुस जमीन, त्याने स्वतः मोहिमेवर जायचं. तीन असलेल्याने एक असलेल्याशी जोडी करायची आणि दोघांतून एकाने निघायचं. मान्सुस म्हणजे तत्त्वतः एका कुटुंबाची घर-शेती. प्रत्यक्षात नवव्या शतकात एकेका मान्सुसवर दोन-तीन कुटुंबंही नांदत.

आता दुसरं पान. इथे एक कूळ निवडा आणि त्याचा हिशेब पूर्ण मांडा. व्याख्या पाठ करण्यापेक्षा याने जास्त कळतं. पॅरिसजवळच्या सँ-जेर्मँ-दे-प्रे मठाच्या, मठाधिपती इर्मिनोच्या काळातल्या जमीन-नोंदवहीत बोडो नावाचा कूळ आहे. बायको एर्मेंत्रूद, तीन मुलं. त्याचं देणं असं: सैन्यासाठी चांदीचे 2 सोलिडस, रानात डुकरं चारण्याबद्दल द्राक्षदारूची 2 मापं, 3 कोंबड्या, 15 अंडी. शिवाय मठाच्या शेतात हिवाळी पेऱ्याला 4 काठ्या (काठी हे जमिनीचं माप) आणि वसंतातल्या पेऱ्याला 2 काठ्या नांगरट, आणि दर आठवड्याला दोन वेठी व एक हातकाम.

रोख रक्कम भाकरीत बदलून बघा. शार्लमेनच्या नाणेपद्धतीत एक सोलिडस म्हणजे 12 देनारियस, म्हणजे चांदीची नाणी, तेव्हा बोडोचे झाले 24. फ्रँकफर्टच्या 794 च्या आदेशात एका देनारियसला दोन पौंडी गव्हाचे 12 पाव असा भाव ठरवला होता. म्हणजे 288 पाव. दोन्ही नोंदींत काही दशकांचं अंतर आहे, तेव्हा हा अंदाजच धरा. पण खरा भार रोख रकमेचा नसून आठवड्याच्या वेठीचा होता, हे नजरेत भरतं. पेरणीच्या ऐन दिवसांत धन्याचं शेत आधी आणि स्वतःचं नंतर.

आता परत पहिल्या पानावर या आणि सामंतकीच्या, म्हणजे धन्याचा सामंत होण्याच्या, विधीचे टप्पे क्रमाने लिहा: जोडलेले हात धन्याच्या हातांत देणं, मग पवित्र अवशेषांवर हात ठेवून इमानाची शपथ, मग काठी किंवा मातीचं ढेकूळ देऊन जमिनीचा ताबा. वर्षाला 40 दिवस चाकरी हा नियम पुष्कळ नंतरचा; तो शार्लमेनच्या दरबारात नेऊन बसवू नका. तशीच दुसरी चूक 877 च्या कियेर्झीच्या आदेशाबाबत होते. त्याने जहागिरी वंशपरंपरागत केल्या असं सर्रास लिहिलं जातं. लुईचा मुलगा राजा टकला चार्ल्स इटलीला निघाला होता आणि तो परतेपर्यंत कोणी सरदार वारला तर काय करायचं, एवढीच तजवीज त्यात होती. मुलाने बापाची जागा घ्यायचा प्रघात आधीच रुळत चालला होता.

मराठी वाचकाला हा प्रघात परका वाटू नये. आपल्याकडे वतन मुळातच वंशपरंपरेचं, तर सरंजाम हा चाकरीपुरता, परत घेता येणारा. तरी अठराव्या शतकात तोही घराण्यांत मुरला. फ्रँक बेनेफिसियमचं, म्हणजे चाकरीच्या बदल्यात दिलेल्या जमिनीचं, तसंच झालं. तुलना इतपतच ताणा, कारण मराठी सरंजामदाराच्या हाती मुख्यतः गावांचा वसूल येई, तर बोडोच्या मठाची स्वतःची शेती होती आणि ती कुळांच्या वेठीवर चाले.

शेवटी नकाशा. एकच रंग सगळ्या युरोपला देऊ नका. लुआर आणि ऱ्हाइन यांच्या मधल्या पट्ट्याला गडद रंग द्या, कारण वेठीवर चालणाऱ्या मोठ्या इस्टेटी तिथेच दाट होत्या. दक्षिण फ्रान्स फिका ठेवा: तिथे अलोद, म्हणजे कोणाच्याही चाकरीशी न बांधलेली मालकीची जमीन, भरपूर टिकून होती. इंग्लंड 1066 नंतरच रंगवा, तेही वेगळ्या छटेत, कारण तिथे विजेत्या विल्यमने सारी जमीन आपलीच मानून वाटली आणि 1086 मध्ये तिची मोजदाद करून घेतली.