इम्बोल्क घरी कसा करायचा (ब्रिजिडच्या क्रॉससकट)

पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे जुने देव मानणाऱ्या लोकांच्या वर्षात आठ सण असतात, पण नवीन असाल तर आठांच्या मागे लागू नका, एकच मनापासून करा. माझं मत विचाराल तर आयर्लंडचा इम्बोल्क, 1 फेब्रुवारीचा. कडक थंडी सरत येते, मेंढ्यांना दूध येऊ लागतं, आणि घरात ब्रिजिड येते असं मानतात. जुन्या आयरिश लिखाणात ती कवींची देवी, तिच्या बहिणींकडे वैद्यकी आणि लोहारकाम, आणि पुढे किलडेअरची संत ब्रिजिडही तीच तारीख घेऊन बसली. त्यामुळे चर्चवाले आणि पेगन दोघंही हा दिवस पाळतात, भांडायचं कारण नाही. 2023 पासून आयर्लंडमध्ये यासाठी सरकारी सुट्टीही आहे, म्हणजे डब्लिनमधल्या आपल्या मंडळींना निवांत करता येईल.

तयारी 31 जानेवारीच्या संध्याकाळी. क्रॉस विणायला ओलसर माळावरचा लव्हाळा आणायचा, साधारण 20 काड्या, आणि तो कापायचा नाही, हाताने उपटायचा अशी रीत आहे. नाही मिळाला तर गव्हाच्या काड्या भिजवून घ्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आयर्लंडच्या उत्तरेकडे डोनेगलच्या बाजूला घरातली एक मुलगी लव्हाळ्याचा भारा घेऊन बाहेर थांबते, दार वाजवते आणि म्हणते, गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतून सगळे म्हणतात, ये, तुझं स्वागत आहे. असं तीनदा झालं की मगच ती आत येते. मुलं असतील तर हे नक्की करा, लाजू नका. मग लोणी घालून कुस्करलेले बटाटे सगळ्यांनी मिळून खायचे आणि खाऊन झालं की क्रॉस विणायला बसायचं.

एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्याभोवती अडकवा, टोकं उजवीकडे. सगळं डावीकडे पाव वळण फिरवा, आता जी टोकं वर आली त्यांच्यावरून तिसरी काडी दुमडून घ्या, टोकं परत उजवीकडे, परत फिरवा, असंच चालू ठेवायचं. मधला चौकोन अंगठ्याने दाबून धरा आणि प्रत्येक काडी मध्यापर्यंत घट्ट ओढा, सगळी मेख इथेच आहे, सैल राहिली की क्रॉस वेडावाकडा होतो. शेवटी चारही टोकं दोऱ्याने बांधून सारखी कापा.

झोपायच्या आधी एक कापड बाहेर कुंपणावर किंवा खिडकीत ठेवा. रात्री ब्रिजिड जाताना त्याला हात लावते, मग डोकेदुखी वगैरेसाठी ते वर्षभर जपतात. (दुखणं खरं असेल तर डॉक्टरकडे जा, कापड सोबतीला.)

सकाळी मेणबत्ती लावा, थोडं दूध बाहेर जमिनीवर ओता आणि क्रॉस दारावर आतून लावा, आगीपासून घर राखतो म्हणतात. पुढच्या वर्षी नवा केलात तरी जुना टाकायची घाई नको, जुन्या घरांमध्ये छताखाली वर्षानुवर्षांचे क्रॉस एकाशेजारी एक खोचलेले असायचे.