दिव्यांच्या माळेसाठी जमिनीतली मेख: माप, घडण, रोवणी

दिवाळीत अंगणात उभे केलेले माळेचे खांब तुळशीचं लग्न येईपर्यंत एकमेकांकडे झुकलेले दिसतात. दोष खांबाला लागतो. चूक मात्र बहुधा दोन ठिकाणी असते: माळ ओढून ताठ बांधलेली असते आणि मेख, म्हणजे खांब ज्यात उभा राहतो तो जमिनीत ठोकायचा लोखंडी खुंटा, बनवताना माती पाहिलेली नसते.

आधी झोळ ठरवा

मेखेला माळेचं वजन सोसायचं नसतं, तिला आडवी ओढ सोसायची असते. ही ओढ झोळावर, म्हणजे माळ मधोमध किती लोंबते त्यावर, ठरते. मीटरमागचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले झोळाची आठपट, असा साधा हिशोब आहे. बल्बची माळ आणि तिला आधार देणारी तार मिळून मीटरला 300 ग्रॅम धरा. दोन खांबांत 10 मीटर अंतर आणि मधोमध 30 सेमी झोळ ठेवला तर ओढ साडेबारा किलो येते. झोळ 10 सेमीवर आणला की तीच ओढ साडेसदतीस किलो होते. एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा अडीच मीटर खांब साडेबारा किलोला शेंड्याशी सात-आठ सेमी वाकतो आणि ओढ काढली की परत सरळ होतो. साडेसदतीस किलोला तो कायमचा वाकतो. म्हणून 10 मीटरला किमान 30 सेमी झोळ हवाच. ताठ माळ पाहिजेच असेल तर मध्ये एक खांब वाढवा.

हा वारा नसतानाचा हिशोब आहे. वाऱ्यासाठी ओढ दुप्पट धरून चाला.

माती कुठली?

नाशिकजवळच्या निफाड, ओझर, आडगाव या पट्ट्यात काळी माती. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. गुळगुळीत गोल सळई रोवली तर एका हंगामात तिच्याभोवती फट तयार होते. इथे मेख कोनी हवी आणि लांब हवी, कारण वरचा थर सुकला तरी पकड खालचीच राहते. पांडवलेणीच्या डोंगराच्या अंगाला हातभर खाली मुरूम किंवा काळा दगड लागतो. तिथे लांबीपेक्षा पहार महत्त्वाची. जागेवर ठरवायचं तर पहारीचे चार घाव घाला. 60 सेमीपर्यंत सहज गेली तर काळ्या मातीची मेख, अलीकडेच टणटण वाजली तर मुरुमाची.

मेखेची घडण

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. एका मेखेला लागतं ते असं:

• 40×40×5 मिमी अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी), 90 सेमी (मुरुमात 60 सेमी)
• सव्वा इंची जीआय पाइप, मध्यम जाडीचा, 30 सेमी. हा झाला सॉकेट
• 5 मिमी जाडीच्या पट्टीचे दोन तुकडे, 5 सेमी रुंद, 15 सेमी उंच
• 10 मिमीचा नट आणि बोल्ट

एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास साधारण 33.7 मिमी आणि सव्वा इंचीचा आतला 36 मिमी, त्यामुळे खांब सॉकेटमध्ये सहज जातो. उरलेली फट बोल्टने आवळता येते.

अँगलचं खालचं टोक दोन्ही कडांनी 10 सेमी तिरकं कापा. वरच्या टोकाशी, अँगलच्या खोबणीत सॉकेट बसवून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. आधी त्या जागेचं जस्त घासून काढायला सांगा. जस्तावरच वेल्डिंग केलं तर धूर अंगावर येतो, रात्री ताप-थंडी भरते आणि जोडही कच्चा राहतो. सॉकेटच्या तळाशी 10 मिमीची सळई आडवी लावा. खांब तिच्यावर टेकतो आणि पाणी खाली निघून जातं. तळ पूर्ण बंद केला तर पावसाचं पाणी साठून खांब आतून गंजतो.

दोन्ही पट्ट्या अँगलच्या कडांना पंखासारख्या बाहेर काढा, वरची कड जमिनीखाली 10 सेमी येईल अशी. मेख खांबासोबत झुकू लागली की माती या पंखांवर अडते. मुरुमात पंख ठोकले जात नाहीत, तिथे ते नकोतच. नट सॉकेटच्या तोंडाखाली अडीच सेमीवर. वेल्डच्या जागी जस्ताचा रंग आणि जमिनीत जाणाऱ्या भागाला काळा डांबरी रंग द्या.

खांबासाठी 6 मीटरच्या एक इंची पाइपचे 2.7 मीटरचे दोन तुकडे करा. उरलेल्या 60 सेमीतून 20 सेमीचा तुकडा घेऊन त्याच्या डोक्यावर 10 मिमी जाड, 6×6 सेमी प्लेट लावा. हा ठोकणीचा दांडू आहे. घण थेट सॉकेटच्या तोंडावर मारला की तोंड चेपतं आणि खांब आत जात नाही. बहुतेक मेखा इथेच वाया जातात.

रोवणी

घण उचलण्याआधी ठिबकच्या नळ्या, पाण्याची लाइन, जमिनीतली केबल, पाइप गॅस कुठून गेलाय ते पाहा. वर विजेच्या तारा असतील तर जागाच बदला. उन्हाळ्यात काळी माती विटेसारखी होते, म्हणून आदल्या संध्याकाळी दोन बादल्या पाणी घाला. मुरुमात पहारीने आधी भोक पाडा.

अँगलची खोबण माळेच्या बाजूला ठेवा आणि सॉकेट 6 सेमी वर राहीपर्यंत ठोका. दर दहा-बारा घावांनी लेव्हल लावा. खांबाचा शेंडा 8 सेमी बाहेर झुकलेला हवा, माळ चढली की तो आपोआप उभा होतो. दगड लागला तर जोर करू नका. 30×30×45 सेमी खड्डा घेऊन आखूड मेख 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये बसवा आणि सात दिवस पाणी मारा.

रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत काँक्रीट ओतून खांब उभा करायची युक्ती फार चालते. ती बादली भरते 48 किलोच्या आसपास आणि तळाची त्रिज्या जेमतेम 13 सेमी, म्हणजे ती सहा किलो-मीटरला (किलोतली ओढ गुणिले मीटरमधली उंची) उलटते. साडेबारा किलोची ओढ अडीच मीटरवर सुमारे एकतीस किलो-मीटर होते. शेंड्याला बाहेरून ओढून धरणारी ताणाची तार नसेल तर बादली पडणारच.

ताण

द्राक्षबागेत शेवटच्या खांबाला बाहेरून ताण देतात, तोच प्रकार इथे. शेंड्यापासून 45 अंशांत तार खाली आणा, म्हणजे खांबापासून सुमारे अडीच मीटरवर 70 सेमीची दुसरी अँगल मेख, खांबापासून उलट कललेली. या तारेत साधारण 18 किलो ओढ येते. टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) लावा आणि तारेवर पांढरी चिंधी बांधा, अंधारात पाय अडकतो.

आधाराला 3 मिमीची स्टीलची दोरतार लावा आणि माळ तिला टायने अडकवा, ओढ विजेच्या वायरवर येऊ देऊ नका. बाहेरची माळ आयपी 65 (धूळ-पाण्यापासून बचावाच्या) दर्जाची घ्या, शक्यतो 12 किंवा 24 व्होल्टची. 230 व्होल्टचीच असेल तर सर्किटवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. खांब लोखंडी आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत काळी माती आक्रसते तेव्हा मेखेभोवतीची फट पाहा आणि तीत मुरूम ठासून भरा. काळी माती भरली तर ती पुन्हा सुटते. मे महिन्यात वळवाचे ढग दिसू लागले की बोल्ट सैल करून खांब उपसा आणि सॉकेटवर प्लास्टिकचं टोपण बसवा.