जुन्या फोर्ड मस्टँग गाडीच्या काचेभोवतीच्या पट्ट्या

पुढच्या काचेभोवतीच्या स्टीलच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. एकदा मुरडल्या की सरळ करताना जीव जातो. त्या आतल्या क्लिपांत अडकलेल्या असतात. हुकाचं चपटं हत्यार पट्टीखाली सरकवायचं, एकेक क्लिप सोडवायची. ओपन (छत उघडणाऱ्या) गाडीत काही पट्ट्यांना स्क्रूही असतात. गंजले असतील तर आदल्या रात्री तेल सोडा.

काढलेल्या पट्टीची मागची बाजू आधी धुवा. आमच्या सांगलीत २०१९ चा पूर बघितलेल्या गाड्यांत अशा खाचांतून अजून गाळ निघतो.

खरं कसब पोचे काढण्यात. पट्टी लाकडी ठोकळ्यावर उपडी ठेवा आणि छोट्या हातोडीने मागून हलके, जवळजवळ ठोके द्या. जोर केलात तर पत्रा ताणतो अन् खड्ड्याच्या जागी टेंगूळ येतं. मग ४००, ६००, १००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर); आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही.

बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर चकाकी आणणं, कुपवाडच्या एमआयडीसीत करून घ्या, पण स्वतः उभे राहा. चाकाने कड पकडली तर पट्टी हातातून उडते. अॅल्युमिनियमची पट्टी असली तर आधी सांगा, तिचं तंत्र वेगळं. बसवताना क्लिपा नव्या घ्या, तिथं कंजुषी नको.